रेवाल सांगून दुडकी गळ्यात मारली : 1,94,200 रुपये

घोडी 1,85,000, दलाली 3,700, पिकअपचं भाडं 5,500. त्यातले 60,000 मोबाईलवरून पाठवले, बाकी रोख. रोखीचा पुरावा शून्य. सारंगखेड्याच्या घोडेबाजाराच्या यात्रेत भाव चढलेले असतात, म्हणून दत्तजयंती उलटल्यावर बाजाराबाहेर, तापीकाठच्या शेतात सौदा केला. पंधरा-वीस हजार वाचवायला गेलो आणि पावतीही घालवून बसलो.

"भाऊ, पक्की रेवाल शे!" दलाल सारखा हेच घोकत होता. रेवाल चालीत एका अंगाचे पुढचा-मागचा पाय जोडीने पडतात, पाठ हलत नाही. दुडकीत पाय तिरपे पडतात, स्वार उसळतो. जन्माची रेवाल घोडी लगाम काढून मोकळी सोडली तरी अधूनमधून ती चाल धरते. डाव्याला डावा, उजव्याला उजवा पाय दोराने जखडून शिकवलेली घोडी ताठ लगामाखाली पाच-दहा मिनिटं चाल दाखवते. दमली, उतार लागला, लगाम सैल पडला की दुडकीवर येते. मला दाखवली ती काटेरी कडियाळं (तोंडातला लोखंडी लगाम) घालून, त्यांच्याच स्वाराखाली, भुसभुशीत वाळूत. एकूण तीन फेऱ्या. आणि मी पोचलो तेव्हा ती आधीच घामेजलेली होती. घोडी ठाणावर थंड उभी असतानाच आपल्यासमोर सोडायला लावायची, नाहीतर तिथूनच परत फिरायचं.

पायांवरची केस झडलेली गोल खूण मला दिसली होती. दिसली होती! विचारलं तर म्हणे, "पिछाडीचा दोर घासला." मी मान डोलावली. अहो, पिछाडी मागच्या पायांना, घोट्याखाली बांधतात. पुढच्या पायाच्या नळीवर तिची खूण येईल कुठून? घोड्यांत वावरणाऱ्या माणसाने इथे हात आखडायला हवा होता. पण दिवस मावळत होता, आणखी दोन गिऱ्हाइकं (दलालाचीच असणार) रुमालाखाली बोटं दाबून गुपचूप भाव करत होती. अशा घाईत भलेभले चुकतात.

तिसऱ्या दिवशी पुढच्या डाव्या पायाने लंगडली. वेदना मारणाऱ्या इंजेक्शनचा, बहुधा फिनाइलब्युटाझोनचा, असर उतरला होता. वाळूत लंगडणं लपतं. डांबरी रस्त्यावर, स्वार न बसवता, नुसत्या दोरावर दुडकी पळवा; पुढचा दुखरा पाय टेकताना डोकं वर जातं.

वय पाच सांगितलं. वरच्या कडेच्या दातावर हिरडीपासून खाली उतरणारी तपकिरी रेघ साधारण दहाव्या वर्षी दिसू लागते. हिची अर्ध्या दातापर्यंत आलेली, म्हणजे पंधराच्या आसपास. खालच्या दातांतले काळे खड्डे मात्र तरण्या घोडीसारखे! खऱ्या खड्ड्याभोवती इनॅमलचं पांढरं कडं असतं, डाग देऊन केलेल्याला नसतं. टॉर्च नेऊन दोन्ही जबडे बघा. नुसते खालचे दाखवतात, तेच मी बघितले.

पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य : "हा दिवाणी मामला." दुसरं : "घोडी जिवंत आहे ना?" भारतीय न्याय संहितेचं कलम 318 फसवणुकीचंच आहे म्हटलं, तर "मग वकील करा." भाव रुमालाखाली ठरला, तेव्हा 1,85,000 हा आकडा ऐकला कोणी, हा सवाल वर. पैसे गेलेलं खातं तिसऱ्याच माणसाच्या नावावर आहे हे मीच शोधून दिलं, ते कागद कुणी उघडूनही पाहिले नाहीत. जनावरांच्या दवाखान्यात दाखला मागितला. "आठ दिवसांनी आणली, दुखणं जुनं कशावरून?" बरं, वयाचं तरी लिहून द्या. दात आठ दिवसांत म्हातारे होतात का? तर म्हणे आधी पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात, आधी दाखला आणा.

व्यवहार साध्या कागदावर का होईना, लिहून घ्या : रंग, टिळे, भोवरे, सांगितलेलं वय, सांगितलेली चाल. निदान 20 टक्के रक्कम पंधरा दिवस मागे ठेवा. ग्लँडर्सच्या (घोड्यांचा संसर्गजन्य रोग) रक्ततपासणीचा अहवाल आधी.

तक्रार अर्जाची पोच चौथ्या चकरेला मिळाली. तिच्यावर लिहिलंय : "गाडी खरेदीबाबत."