रीफ टँकचा हीटर आणि एसटीसी-१००० कंट्रोलर: तिन्ही ऋतूंनंतरचा अनुभव

पुण्यातला फ्लॅट, त्यात रीफ टँक, म्हणजे प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी. संपसकट (टँकला जोडलेली फिल्टरची टाकी) साधारण २०० लिटर पाणी, क्लाउनफिशची जोडी, आणि झोआ, मशरूम, लेदर हे मऊ प्रवाळ. कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या (१९७२) पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे त्या वाटेला जात नाही. पण पाणी तापलं की हाल मऊ प्रवाळांचेही तेवढेच होतात.

हीटर दोन तऱ्हांनी दगा देतो. बंद पडला तर पाणी सावकाश गार होतं, मासे मंदावतात आणि आपल्याला हातपाय हलवायला वेळ मिळतो. चालूच राहिला तर मात्र अवघड आहे. बहुतेक काचेच्या हीटरमध्ये बायमेटल पट्टी असते, म्हणजे तापली की वाकून वीज तोडणारी दोन धातूंची पट्टी. तिचे पॉइंट जुळता-तुटताना दर वेळी बारीक ठिणगी पडते आणि कधीतरी ते एकमेकांना चिकटून बसतात. मग डायल कितीवरही फिरवा, कॉइल तापतच राहते. माझा आधीचा ३०० वॅटचा हीटर असाच गेला, तोही वॉरंटीत असताना. दुकानदाराने बदलून दिला, पण कोमेजलेले झोआ काही वॉरंटीत येत नाहीत.

एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला साधारण १.१६ वॅट-तास लागतात. म्हणजे २०० लिटरमध्ये ३०० वॅट अडकले की तासाला सव्वा अंशाहून जास्त. खोलीत निघून जाणारी उष्णता वजा केली तरी थंडीच्या रात्रीसुद्धा सकाळपर्यंत पाणी तिशीच्या घरात. त्यात रात्री दिवे बंद, प्रकाशसंश्लेषण थांबलेलं, ऑक्सिजन आधीच उतरलेला, आणि कोमट पाण्यात तो आणखी कमी विरघळतो.

म्हणून आता १०० वॅटचे दोन हीटर, दोन्ही एसटीसी-१००० या तापमान कंट्रोलरवर. दोघं मिळून टँक सांभाळतात. त्यातला एकटा चिकटला तर पुण्याच्या थंडीत तो जेमतेम तापमान टिकवेल, टँक उकडायची त्याची ताकदच नाही. कंट्रोलर महाग असो वा स्वस्त, वॅटेज वाटून घेणं ही पहिली गोष्ट.

एसटीसी-१००० हा हजाराच्या आत मिळणारा छोटा पॅनेल मीटर. एक सेन्सर, दोन रिले (वीज जोडणारे-तोडणारे स्विच): एक गरमसाठी, एक गारसाठी. वायरिंग स्वतः करायचं नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून प्लास्टिकच्या डब्यात सॉकेटसकट बसवून घ्या. एफ१ म्हणजे हवं ते तापमान, एफ२ म्हणजे फरक. माझं २५.५ आणि ०.५, म्हणजे २५ ला हीटर सुरू, २५.५ ला बंद. एफ२ आणखी खाली आणायचा मोह टाळा, रिले दिवसभर टकटक करत बसतो आणि लवकर झिजतो. एफ४ ने कॅलिब्रेशन होतं, आणि ते लागतंच. माझा पीस काचेच्या थर्मामीटरपेक्षा ०.६ अंश जास्त दाखवत होता. वीज गेली-आली तरी सेटिंग शाबूत राहतं, आपल्याकडे हे महत्त्वाचं.

हीटरची स्वतःची डायल २७ वर. रोजचं चालू-बंद रिले करतो, आतली पट्टी नुसती जोडलेली राहते, त्यामुळे ती फारशी झिजत नाही. उद्या रिलेच चिकटला तर २७ ला पट्टी तोडेल.

खरी दुखरी नस प्रोब, म्हणजे वायरच्या टोकाचा पाण्यातला सेन्सर. तो पाण्याबाहेर आला तर कंट्रोलरला ते कळत नाही. वायर तुटली तर ईई दाखवून बोंबलतो, पण हवेत लोंबकळणाऱ्या प्रोबचं त्याला काही वाटत नाही. जानेवारीत एका पहाटे मुद्दाम उचलून पाहिला. आकडा २५.३ वरून भराभर १७ कडे घसरला, टक करून रिले लागला, दोन्ही हीटरचे लाल दिवे पेटले. असाच राहिला असता तर २७ च्या डायलशिवाय अडवणारं कोणी नव्हतं. सोबतचा सक्शन कप खाऱ्या पाण्यात कडक होऊन सुटतो. मी प्रोब भोकं पाडलेल्या पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात घालून केबल टायने संपच्या तळाशी बांधलाय, हीटरपासून लांब.

हीटर संपच्या मधल्या कप्प्यात. पाणी टँकमध्ये परत चढवणाऱ्या रिटर्न पंपाच्या कप्प्यात पाणी बाष्पीभवनाने उतरतं, हीटर उघडा पडतो, आणि तापलेल्या काचेवर टॉप-अपचं गार पाणी पडलं की तडा. वॉटर चेंजच्या आधी प्लग काढून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं तेही याचसाठी. ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर बाकी खर्च पुढे ढकला, तो आधी बसवा. खारं पाणी वीज छान वाहतं.

महिन्यातून एकदा बादली. दहा लिटर पाणी, थर्मामीटर, एक हीटर थेट सॉकेटला. २७ ला लाल दिवा विझला पाहिजे. फेब्रुवारीत दोनपैकी एकाचा विझलाच नाही, पाऊण तासात पारा तिशीच्या वर. टँकमध्ये कंट्रोलर रोज त्याला वेळेवर तोडत होता, त्यामुळे मासे-प्रवाळांना पत्ताही लागला नव्हता. बादली नसती तर मलाही लागला नसता.

मार्चमध्ये हीटर काढले, गारच्या रिलेवर संपवरचा पंखा लावला, एफ१ २७ केला. कोरड्या उन्हाळ्यात दोन-तीन अंश उतरतात, पाणी मात्र रोज भरावं लागतं. पावसाळ्यात दमट हवेत पंखा जवळपास निकामी.

तक्रारी: सेन्सरची वायर बारीक, बझर दुसऱ्या खोलीत ऐकू येत नाही, आणि पाणी ठरावीक तापमानापुढे गेलं म्हणून ओरडणारा वेगळा अलार्म नाही. त्यासाठी मोबाइलवर सूचना देणारा वायफाय थर्मामीटर स्वतंत्र ठेवलाय, त्याचा प्रोब डिस्प्ले टँकमध्ये.

दसऱ्याच्या सुमारास दोन्ही हीटर नवे घेणार. चिकटलेला केव्हाच फेकला, तेव्हा बदली आणलेला क्वारंटाइन टँकला जाईल, तोही बादली पास झाला तर.