'व्हेरिफाइड' टॅगच्या भरवशावर भाड्याचा फ्लॅट शोधला, त्याचा अनुभव (5 पैकी 3 स्टार)

आधीच सांगते, ॲप टाकाऊ नाहीये. मला फ्लॅट ह्याच ॲपवर मिळाला आणि आत्ता तिथेच बसून हे टाइप करतेय. पण त्यासाठी तीन आठवडे अकरा घरं पालथी घातली आणि त्यातल्या नऊ घरांवर 'व्हेरिफाइड'चा हिरवा टिक होता, आणि त्या नऊपैकी निम्म्यात तरी मी माझ्या बहिणीला एकटीला रात्री ठेवलं नसतं. नवीन शहर, ओळखीचं कोणी नाही, आम्ही दोघीच राहणार, म्हणून अट एकच होती, लहान चालेल, लांब चालेल, पण सेफ पाहिजे. ॲपचं नाव घेत नाही, मला भांडण नकोय, फक्त काय चांगलं काय वाईट ते सांगायचंय.

चांगलं आधी. तुमचा खरा नंबर मालकाला दिसत नाही, कॉल ॲपमधूनच जातो. हे फार बरं पडलं, कारण एका महाशयांनी घर नाही म्हटल्यावरही चार दिवस फोन केले आणि मी चॅट ब्लॉक केल्याबरोबर कटकट संपली, सिम बदलायची वेळ आली नाही. मॅप व्यवस्थित आहे, स्टेशनपासून चालत किती वेळ ते कळतं (वेळ जरा आशावादी असतो, पंधरा मिनिटं म्हणजे वीस धरा).

आता फेक जाहिराती. दुसऱ्याच दिवशी एक फ्लॅट दिसला, मोठ्या खिडक्या, स्वच्छ किचन, भाडं आजूबाजूच्या घरांपेक्षा बरंच कमी. मालक म्हणे परदेशात, घर दाखवायला कोणी नाही, डिपॉझिट पाठवा की किल्ली कुरियरने येईल. मी म्हटलं बरं, आणि फोटो सेव्ह करून इमेज सर्चमध्ये टाकले, तर तेच फोटो दुसऱ्याच शहरातल्या एका विकायच्या फ्लॅटच्या जाहिरातीत! बहीण म्हणाली, ताई, पडदेसुद्धा तेच आहेत गं. रिपोर्ट केलं, जाहिरात दोन दिवसांनी गेली आणि पुढच्या आठवड्यात वेगळ्या नावाने परत आली, फोटो तेच. कंपनीला हे पकडता येत नाही यावर माझा विश्वास नाही, मला फोनवर दहा सेकंद लागले. घर आतून बघितल्याशिवाय एक पैसाही पाठवू नका, टोकन म्हणून पण नाही.

ह्यानंतर मी सपोर्टला सरळ विचारलं की 'व्हेरिफाइड' म्हणजे नेमकं काय तपासता. उत्तर प्रामाणिक आलं, त्याचे मार्क देते. मालकाचं ओळखपत्र, घर त्याच्या नावावर असल्याचा कागद, आणि त्यांचा माणूस जाऊन काढलेले फोटो. बस. दार, कुलूप, वायरिंग, जिना, यातलं काहीच कोणी बघत नाही. म्हणजे माणूस खरा आहे एवढंच कळतं, घर कसं आहे ते नाही. आणि 'सेफ्टी' नावाचा जो फिल्टर आहे तो फक्त कॅमेरा आहे का आणि गार्ड आहे का एवढंच मालकाला विचारतो, मालक हो म्हणाला की लागला टिक. एका बिल्डिंगमध्ये लॉबीत दोन कॅमेरे छान दिसत होते, गार्ड काकांना विचारलं रेकॉर्डिंग कुठे दिसतं, तर ते हसले. वर नीट बघितलं तर एका कॅमेऱ्याची वायर नुसतीच लोंबत होती.

मग मी आणि माझी मैत्रीण (इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे, त्यामुळे तिला पर्याय नव्हता) आमचीच तपासणी सुरू केली. पर्समध्ये टॉर्च, चार्जर आणि तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर. हा टेस्टर प्रत्येक प्लगमध्ये खुपसायचा, अर्थिंग आहे की नाही ते दिव्यांवरून लगेच कळतं. न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) आणि अर्थ आपसात बदलले असतील तर मात्र तो पकडत नाही. सहाव्या घरात किचनमधल्या एकाही सॉकेटला अर्थिंग नव्हतं आणि तिथेच फ्रिज ठेवायची जागा होती.

टेस्टरपेक्षा महत्त्वाचं म्हणजे मेन बोर्डवरचा आरसीसीबी, शॉकपासून वाचवणारा स्विच. मला आधी वाटायचं एमसीबी (जादा करंट झाला की पडतो तो स्विच) असला की झालं. तो वायर जळू नये म्हणून असतो, माणूस वाचावा म्हणून नाही. आरसीसीबी हे बघत असतो की फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतोय का, आणि घरात असतो त्या 30 मिलिॲम्पिअरवाल्यात तेवढा करंट भलतीकडे, म्हणजे तुमच्या अंगातून वगैरे, जायला लागला की क्षणात सप्लाय तोडतो. त्याच्यावर 'टी' लिहिलेलं छोटं बटन असतं, दाबलं की लाइट गेलीच पाहिजे. मालकाला सांगून दाबा, नाहीतर त्यांना वाटतं तुम्ही काहीतरी मोडलं. अकरापैकी चार घरांत तो नव्हताच आणि एका घरात होता पण बटन दाबून दाबून बोट दुखलं तरी ढिम्म.

दारांबद्दल तर मी आता कुठेही गेले की बघतच बसते, सवय लागलीय. पोकळ दार टकटक केल्यावर कळतं. बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला असतील तर त्यांची पिन काढून अख्खं दार काढता येतं. कुलपाचा सिलिंडर (किल्ली जाते तो गाभा) प्लेटच्या बाहेर आलेला असेल तर पक्कडीत धरून मोडणं सोपं जातं, तो प्लेटला जवळजवळ सपाट हवा. आणि कुलूप कितीही भारी असलं तरी ज्या पट्टीत ते अडकतं ती चौकटीला दोन बारीक स्क्रूनी लावलेली असेल तर एक जोरदार लाथ पुरते, लांब तीन इंची स्क्रू भिंतीपर्यंत जातात. हे मी एका मालकाला सांगितलं तर ते म्हणाले, आमच्याकडे आजपर्यंत असं काही झालं नाही मॅडम. बरं.

बाथरूममध्ये गॅस गिझर असेल आणि खिडकी किंवा धूर बाहेर नेणारा पाइप नसेल तर तिथून सरळ बाहेर पडा. कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, आणि स्मोक अलार्म तो ओळखत नाही, त्याचा अलार्म वेगळा असतो. स्मोक अलार्म असेल तर तोही खाली काढून मागची तारीख बघा, दहा वर्षं झाली की बदलायचा असतो. आठव्या घरातला अलार्म पिवळा पडला होता, तारीख वाचताच आली नाही.

आणि जिना. लिफ्टने वर जाऊन लिफ्टने खाली येऊ नका, एकदा तरी जिन्याने उतरा. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये 9 जानेवारी 2022 ला एका 19 मजली बिल्डिंगमध्ये रूम हीटरमुळे आग लागली. आग फार लांब पसरलीच नाही, पण त्या फ्लॅटचं आपोआप लागणारं दार लागलं नाही, वर जिन्याचं एक दारही उघडं राहिलं आणि धूर जिन्यातून सगळीकडे गेला, 17 माणसं गेली, त्यात 8 मुलं. हे वाचल्यापासून जिन्याचं दार सोडून बघते, आपलं आपण बंद होतं का. नवव्या बिल्डिंगमध्ये त्या दाराला झाडाची कुंडी टेकवून ते उघडं ठेवलं होतं, हवा यावी म्हणून, आणि जिन्यात सायकली, जुनी गादी, रंगाचे डबे.

आता ॲपवर माझा खरा राग कशाचा ते. त्यांचे व्हिजिट स्लॉट सकाळी 10 ते संध्याकाळी 6. मी कामावरून येणार रात्री साडेनऊला, मग घर दुपारी बघून मला काय कळणार? रस्त्यावर दिवे लागतात का, गेट रात्री उघडंच असतं का, कोपऱ्यावर कोण बसलेलं असतं, हे रात्रीच दिसतं. स्लॉट मागितला तर पॉलिसीत नाही. शेवटी आम्ही दोघी आपल्या आपण जाऊन बाहेरून बघून यायचो, आणि दिवसा अगदी पसंत पडलेली दोन घरं फक्त ह्यामुळे सोडली. वर त्यांचा एक्झिक्युटिव्ह प्रत्येक घरात तेच, मॅडम अजून दोन पार्ट्या बघून गेल्यात, संध्याकाळपर्यंत सांगा. मी बोर्ड उघडून बघायला लागले की तो घड्याळ बघायचा. मुलगा वाईट नव्हता, त्याला दिवसाला ठरलेली घरं उरकायची असणार.

पेड प्लॅन घेतला त्यातली एक गोष्ट मात्र झकास आहे. घर ताब्यात घेताना प्रत्येक खोलीचे तारखेसकट फोटो ॲपमध्ये चढवता येतात आणि मालकाला ते मान्य करावे लागतात, म्हणजे सोडताना हा ओरखडा तुम्ही पाडला वगैरे वाद नाही. करारात जादा अट टाकायची सोय पण आहे. मी कुलपाचा सिलिंडर बदलायची अट टाकली, जुन्या किल्ल्या आधीच्या किती भाडेकरूंकडे आहेत कोणाला माहीत. मालकीणबाई समजूतदार निघाल्या, म्हणाल्या बदल की बाळा, एक किल्ली बंद पाकिटात माझ्याकडे ठेव म्हणजे झालं. बदलायला फार काही नाही, दाराच्या कडेला एक लांब स्क्रू असतो तो काढला आणि किल्ली थोडी फिरवून ओढलं की सिलिंडर बाहेर.

करारावर सही झाल्या झाल्या ॲपने रेटिंग मागितलं, तेव्हा आमचं सामान अजून टेम्पोतच होतं. फोटोंची क्वालिटी, एक्झिक्युटिव्हचं बोलणं, पेमेंटचा अनुभव, असे पाच प्रश्न होते, दार लागतं का असा एकही नव्हता. शेवटी 'इतर सूचना'चा रकाना होता, 200 अक्षरांचा. मी 'रात्रीचे स्लॉट द्या आणि आरसीसीबीचं बटन दाबून बघा' एवढं लिहिलं. उत्तर आलं, तुमच्या फीडबॅकबद्दल धन्यवाद, आणि खाली नवीन पडद्यांवर डिस्काउंट.