रेंजफाइंडर लेन्स मिररलेसवर, नऊ महिने वापरून : लेन्स गुणाच्या, मधली रिंग वैरीण

रेंजफाइंडर कॅमेऱ्यांसाठी (वेगळ्या खिडकीतून बघून फोकस लावायचा तो प्रकार) बनलेल्या लेन्स मी मिररलेस डिजिटल कॅमेऱ्यावर वापरते, मध्ये अ‍ॅडाप्टर नावाची जोडरिंग लावून. मागच्या आठवड्यात त्यातली २१ मिमीची लेन्स अ‍ॅडाप्टरमध्ये अडकली. कळ दाबतेय, आतली पिन खालीच जाईना. विकणाऱ्याला कळवलं तर उत्तर काय, तर "लेन्स जुनी आहे, तिचं माउंट झिजलं असेल." अहो, हे एम माउंट, म्हणजे लायकाच्या रेंजफाइंडरवर लेन्स बसवायची खाच, १९५४ साली लायका एम ३ बरोबर आलं आणि तेव्हाच्या लेन्स आजच्या एम बॉडीवर मुकाट्याने बसतात, माझी तर या शतकातली आहे, आणि झिजली म्हणे लेन्स! नऊ महिन्यांच्या अ‍ॅडाप्टरचं काही नाही. शेवटी मागच्या बाजूने टाचणी घालून पिन ढकलली, लेन्स सुटली, पण डोकं काही शांत होईना म्हणून हे लिहायला बसले.

सामान आधी सांगते. बॉडी सोनीच्या ई माउंटची, फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर), २४ मेगापिक्सेल. लेन्स तीन : सोव्हिएत ज्युपिटर-८ (फोकल लेंथ ५० मिमी, अ‍ॅपर्चर म्हणजे छिद्राचा आकडा एफ २), कॅननची स्क्रू माउंटवाली ३५ एफ २, आणि फोक्टलेंडरची २१ एफ ४. पहिल्या दोन आधी स्क्रू-टू-एम रिंगवर चढतात आणि मग अ‍ॅडाप्टरवर. या रिंगा विकताना कुठल्या फ्रेमलाइनची (रेंजफाइंडरच्या खिडकीत दिसणाऱ्या चौकटीची) हवी ते विचारतात, मिररलेसवर त्याने काडीचा फरक पडत नाही, मिळेल ती घ्या. तीन लेन्स मिळून एका नव्या ऑटोफोकस प्राइमपेक्षा कमी पैसे गेले हा माझा अभिमानाचा मुद्दा, आणि त्याच अभिमानात अ‍ॅडाप्टरही सगळ्यात स्वस्तातला उचलला. धातूची पोकळ रिंग, आत ना काच ना सर्किट, त्यात काय एवढं, असं वाटलं.

तर त्यात एवढं असतं.

एम माउंटला लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंत २७.८ मिमी अंतर लागतं, ई माउंटमध्ये १८ आहे, म्हणजे अ‍ॅडाप्टर बरोब्बर ९.८ मिमीचा हवा. जास्त जाड झाला तर लेन्स इन्फिनिटीला, म्हणजे अगदी दूरच्या फोकसला, पोचतच नाही आणि लोक लगेच परत पाठवतात, म्हणून बनवणारे मुद्दाम थोडा बारीक ठेवतात. मग लेन्स इन्फिनिटीच्याही पुढे जाते आणि बहुतेकांना कळतही नाही, कारण ते चित्र मॅग्निफाय करून फोकस लावतात. मला कळलं कारण मी स्केलवर, म्हणजे लेन्सवर लिहिलेल्या अंतरांवर, फोकस लावते. २१ ला एफ ८ वर २ मीटरच्या खुणेवर ठेवायचं आणि डोळा व्ह्यूफाइंडरला न लावता फोटो काढत सुटायचं, अशा लेन्स घ्यायचं माझ्यासाठी निम्मं कारण हेच. पहिले दोन महिने जवळची माणसं जराशी मऊ आणि मागच्या भिंती कडक यायच्या. मला वाटलं माझाच हात हलतोय.

मग एका रात्री ट्रायपॉडवर लावून चंद्रावर फोकस केला. चंद्र कडक दिसला तेव्हा लेन्सवरची खूण कुठे होती? ३ मीटरवर! म्हणजे स्केलवर ३ च्या पुढे जे काही लिहिलंय ते सगळं विश्वाच्या पलीकडचं. कागद-पेन घेतलं. फोकल लेंथचा वर्ग भागिले अंतर, म्हणजे ४४१ भागिले ३०००, सुमारे ०.१५ मिमी. एवढ्याने अ‍ॅडाप्टर बारीक. हीच चूक ५० वर टाकली तर इन्फिनिटी १७ मीटरच्या खुणेजवळ येते, तिथे कुणाच्या लक्षातही येणार नाही. ३५ वर ८ मीटर. २१ सारख्या वाइड लेन्सला मात्र हीच चूक जिवावर येते. मी २ मीटरवर ठेवत होते तेव्हा खरा फोकस ६ मीटरवर बसत होता. दोन महिन्यांचे फोटो, राव. ०.१५ मिमी!

विकणाऱ्याला हा सगळा हिशोब पाठवला. उत्तर आलं, "इन्फिनिटी फोकस मिळतोय ना, मग प्रॉडक्ट ओके आहे." यावर काय बोलणार.

दुरुस्ती फुकटात झाली. अ‍ॅडाप्टरची पुढची चकती चार स्क्रूंवर असते, ती काढून खाली पॅकिंग द्यायचं. आधी साध्या प्रिंटिंगच्या कागदाची गोल पट्टी कापून घातली, तो साधारण ०.१ मिमीचा असतो, पण स्क्रू आवळले की दबतो आणि रोज वेगळं उत्तर देतो. मग कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा, तोही तेवढाच जाड पण दबत नाही, आणि वर स्वयंपाकघरातल्या फॉइलचे तीन थर. कात्रीने कापताना दोनदा बोट कापलं. पण त्यानंतर खूण आणि चंद्र एका जागी. त्या दिवशी जो आनंद झाला तो कुठलीही लेन्स घेताना झाला नव्हता, घरच्यांना ०.१५ चं महत्त्व समजावत बसले, त्यांनी माना डोलावल्या.

आता मत बदललं ती गोष्ट. पॅकिंगपर्यंतची ही हकीकत मी चार महिन्यांपूर्वीच लिहून ठेवलं होतं आणि त्यात पुढे ठणकावून म्हटलं होतं की २१ च्या फोटोंचे कॉर्नर ओढल्यासारखे येतात तेही या अ‍ॅडाप्टरचंच पाप. ते चूक निघालं. पॅकिंगनंतर मधला भाग अगदी कडक, कॉर्नर तसेच, एफ ८ ला सुद्धा, वर कडांना जांभळट झाक. कॉर्नरचं हे ओढलेपण सेन्सरवरच्या काचेमुळे होतं. अशा वाइड लेन्सचं मागचं भिंग सेन्सरच्या अगदी जवळ येतं आणि कोपऱ्यातले किरण फार तिरके पडतात. फिल्मवर काच नव्हती, लायकाने डिजिटल एममध्ये ती एक मिलिमीटरच्या आत ठेवली, माझ्या बॉडीसारख्यांत दोनच्या आसपास असते. तिरका किरण जाड काचेतून गेला की कोपऱ्यातला फोकस सरकतो आणि पसरतो. काही लोक सेन्सरची काच पातळ करून घेतात, काही लेन्सच्या पुढे अगदी कमी पॉवरचं बहिर्वक्र भिंग फिल्टरसारखं लावतात, त्याने बराच फरक पडतो. माझं काय, मी कॉर्नरमध्ये माणसं ठेवायचं बंद केलं. ३५ ला हा त्रास थोडा, ५० ला जवळजवळ नाहीच. तेव्हा अ‍ॅडाप्टरची या एका गुन्ह्यातून निर्दोष सुटका, बाकी गुन्हे कायम.

बाकी गुन्हे म्हणजे एक तर तो लूज आहे. फोकस रिंग फिरवायला गेलं की आधी अख्खी लेन्स इकडची तिकडे किंचित वळते आणि मग रिंग फिरते. फोटोत काही दिसत नाही पण हाताला दर वेळी कळतं, आणि एकदा कळलं की कळतच राहतं. दुसरं, आतून काळा रंग आहे पण चकचकीत काळा. समोरून उजेड आला की फोटोच्या मध्यावर धुरकट पांढरी झाक, दोष मी बिचाऱ्या ज्युपिटरच्या जुन्या कोटिंगला देत होते. आत मखमली काळा कागद चिकटवला, अर्धी झाक गेली. उरलेली अर्धी खरंच ज्युपिटरची.

आणि आता ज्युपिटरबद्दल, कारण तिच्यासाठी हे सगळं सहन केलं. घ्यायच्या आधी सगळीकडे वाचलं होतं की सोव्हिएत ५० लायकावर नीट फोकस होत नाहीत, कारण त्यांच्या रेंजफाइंडरचं गणित वेगळ्या फोकल लेंथवर, ५२.४ वर, बेतलेलं, लायकाचं ५१.६ वर. मिररलेसला रेंजफाइंडरच नाही, मी थेट सेन्सरवरून बघते, त्यामुळे ही सगळी भानगड एका झटक्यात संपली. जी लेन्स तिथे बदनाम ती इथे गुणी. मूळ डिझाइन झाइसच्या सोनारचं, एफ २ ला मध्ये धारदार आणि बाजूला हळूच विरघळत जाणारं, चेहऱ्यांना इतकं छान की नव्या लेन्सने काढलेले चेहरे मला आता डॉक्टरांच्या रिपोर्टसारखे वाटतात. अ‍ॅपर्चर रिंगला टकटक नाही, नुसती फिरते, त्यामुळे एफ ४ म्हणून एफ ५ ला काढलेले फोटो कितीतरी. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून फोकस लावून मग ते बंद करू नका, सोनार प्रकारात फोकस सरकू शकतो. ज्या अ‍ॅपर्चरला काढायचं तिथेच मॅग्निफाय करून लावा. पीकिंगवर (फोकसमधल्या कडा रंगाने चमकवणारी सोय) फार विसंबू नका, एफ ८ ला ते सगळंच चमकवतं.

थोडं भराभर. 'लेन्सशिवाय शटर' हे मेनूतून चालू केल्याशिवाय कॅमेरा काही करणार नाही. स्टॅबिलायझरला (हात हलला तर सावरणाऱ्या यंत्रणेला) फोकल लेंथ हाताने सांगावी लागते, मी एकदा ५० ठेवून २१ ने अख्खी संध्याकाळ शूट केली, तो जरुरीच्या दुपटीहून जास्त सावरत होता आणि सगळे फोटो पुसट. आता ते सेटिंग एका बटणावर ठेवलंय. आत ढकलून बंद होणाऱ्या लेन्स बॉडीवर असताना आत ढकलू नका, आत कुठे तरी लागू शकतात, आणि ज्युपिटर-१२ घेणार असाल तर तिचं मागचं भिंग केवढं बाहेर येतं ते आधी बघा.

हो, मधल्या काळात दुसरा अ‍ॅडाप्टर घेतला, हेलिकॉइडवाला (फिरवला की लेन्स पुढे सरकवणारा), महागडा. घेताना दोन दिवस झोप नाही. पण घट्ट बसतो आणि ज्युपिटर जी एक मीटरच्या आत येत नव्हती ती अर्ध्या मीटरच्या आसपास येते, फुलं, हात, टेबलावरचं काहीही. इन्फिनिटीला तोही बारीकच निघाला, पण फॉइलचे दोन थर, बस.

लिहिता लिहिता कालच जुन्या अ‍ॅडाप्टरच्या बदल्यात नवा आला, फुकट, सोबत माफीची चिठ्ठी. पिन मस्त चालते. रात्री २१ लावून चंद्रावर धरला. खूण साडेतीनवर. कॅन शोधतेय.