फ्लूसाठी श्वासावाटे घ्यायचे औषध की कॅप्सूल?

फ्लूची लक्षणे दिसू लागल्यापासून ४८ तासांच्या आत औषध सुरू करायचे ठरले, की झानामिविरची भुकटी श्वासावाटे घ्यावी की ओसेल्टामिविरची कॅप्सूल, हा प्रश्न उरतो. दोन्ही औषधे विषाणूचे न्यूरामिनिडेज हे विकर (एन्झाइम) अडवतात. त्यामुळे नवे विषाणू पेशीपासून सुटून पसरू शकत नाहीत. झानामिविर तोंडावाटे घेतल्यास जेमतेम शोषले जाते, म्हणून ते थेट श्वसनमार्गात पोहोचवतात. ओसेल्टामिविर रक्तावाटे सर्व शरीरात जाते.

चाचण्यांमधील लाभ मात्र जवळजवळ सारखाच आहे. अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या २०१४ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार प्रौढांमध्ये लक्षणे ओसेल्टामिविरने सुमारे १७ तास, तर झानामिविरने सुमारे १४ तास लवकर शमली. जपानमध्ये २०१० पासून एकदाच श्वासावाटे घ्यायचे लॅनिनामिविर हे याच प्रकारचे औषध वापरात आहे. पण जपानबाहेरच्या मोठ्या चाचणीत लक्षणे शमण्याच्या कालावधीत प्लासिबोच्या (औषधासारख्या दिसणाऱ्या, पण औषध नसलेल्या पर्यायाच्या) तुलनेत ठोस फरक दिसला नाही.

श्वासावाटे घ्यायच्या औषधाची चाचणी वाचताना प्लासिबो कशाचा होता, हे मी आवर्जून पाहतो. झानामिविरची भुकटी लॅक्टोजमध्ये (दुधातील साखरेत) मिसळलेली असते आणि प्लासिबो म्हणूनही लॅक्टोजचीच भुकटी दिली जाते. तिनेच श्वासनलिकेला त्रास होत असेल, तर तो दोन्ही गटांत होईल आणि तुलनेत दिसणारच नाही. श्वासनलिका आकुंचन पावण्याच्या तक्रारी औषध वापरात आल्यावर नोंदल्या गेल्या, हे म्हणूनच गांभीर्याने घ्यायला हवे. दमा किंवा सीओपीडी (श्वासमार्ग अरुंद करणारा फुप्फुसांचा दीर्घकालीन आजार) असणाऱ्यांनी हे औषध टाळावे. दुधातील प्रथिनांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना ते चालत नाही. ही भुकटी पाण्यात विरघळवून नेब्युलायझरने किंवा व्हेंटिलेटरमधून कधीही देऊ नये, कारण लॅक्टोजमुळे यंत्र तुंबू शकते.

ओसेल्टामिविरचा नेहमीचा त्रास म्हणजे मळमळ आणि उलटी. मूत्रपिंडाचे काम मंदावलेले असल्यास मात्राही कमी करावी लागते. झानामिविरची मात्रा त्यासाठी बदलावी लागत नाही. शिवाय एच२७५वाय या उत्परिवर्तनामुळे ओसेल्टामिविरला दाद न देणाऱ्या विषाणूवर ते सहसा चालते, आणि माझ्या मते त्याचे खरे मोल येथेच आहे.

म्हणून फुप्फुसे निरोगी असलेल्या, भुकटी नीट ओढू शकणाऱ्या आणि कॅप्सूल पोटात न टिकणाऱ्या रुग्णाने डॉक्टरांकडे झानामिविरबद्दल जरूर विचारावे. लहान मूल, गरोदर स्त्री किंवा रुग्णालयात दाखल रुग्ण यांच्यासाठी ओसेल्टामिविरलाच प्राधान्य दिले जाते.