पीएसटी फाइली एकत्र करायच्यात? आउटलुकचं इम्पोर्ट की थंडरबर्डचा रस्ता

बरीच वर्षं आउटलुक वापरणाऱ्या छोट्या ऑफिसात ‘मेल बॅकअप’ नावाचं एक फोल्डर हमखास सापडतं. त्यात एक पीएसटी, म्हणजे आउटलुक आपले मेल ज्या फाइलीत साठवतं ती, जुन्या कॉम्प्युटरची, एक नोकरी सोडून गेलेल्या कुणाची, आणि बाकीच्या दर मार्चअखेर कॉपी करून ठेवलेल्या. जोवर कोणी जुनं काही मागत नाही तोवर हे चालून जातं. मग एखाद्या मागच्या असेसमेंटची (कर आकारणीची) नोटीस येते आणि तेव्हाचा पत्रव्यवहार शोधायला एकेक फाइल उघडत बसावं लागतं. कर सल्लागाराच्या ऑफिसातली कॉम्प्युटरची कामं मी बघतो, त्यामुळे या फाइली एक करायचं काम माझ्याकडे आलं आणि दोन्ही रस्ते मी शेवटपर्यंत वापरून पाहिले.

पहिला रस्ता आउटलुकचाच. नवी रिकामी डेटा फाइल बनवायची आणि इम्पोर्ट-एक्स्पोर्ट विझार्डमधून एकेक जुनी पीएसटी तिच्यात ओतायची. दुसरा, रीडपीएसटी नावाच्या मोफत प्रोग्रामनं सगळ्या पीएसटी एमबॉक्स या साध्या मेल-फाइलींमध्ये बदलायच्या आणि त्या थंडरबर्ड या मोफत मेल-प्रोग्रामच्या लोकल फोल्डर्समध्ये नेऊन एकत्र करायच्या. तिसरा रस्ता विकतच्या ‘पीएसटी मर्ज’ सॉफ्टवेअरचा. मी चाचणीला घेतलेल्या आवृत्त्या दर फोल्डरमागे मोजकेच मेल देत होत्या, त्यामुळे आमच्या फाइलींवर पुढे काय झालं असतं ते पैसे भरल्याशिवाय कळणार नव्हतं. शिवाय अशिलांचे पॅन, बँकेचे तपशील आणि विवरणपत्रं ज्या मेलमध्ये आहेत, ते अनोळखी प्रोग्रामच्या हाती द्यायला मन धजावत नाही. ज्यांना तो रस्ता लाभला त्यांच्याशी माझा वाद नाही.

दोन्ही रस्त्यांना लागू पडणाऱ्या दोन गोष्टी आधी सांगतो. फाइली नेटवर्कवरच्या किंवा वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये असतील तर काम सुरू करण्यापूर्वी त्या स्थानिक डिस्कवर आणा. आणि मूळ फाइलींची एक प्रत बाजूला काढून तिला हात लावू नका. दुरुस्तीची स्कॅनपीएसटी चालवायची वेळ आली तर तीही कॉपीवरच चालवा.

आता आउटलुकच्या बाजूनं. जे आउटलुकमध्ये होतं ते सगळं आउटलुकमध्येच राहतं हा या रस्त्याचा मोठा गुण. कॅलेंडर, संपर्क, टास्क, कॅटेगरी, फॉलो-अपचे झेंडे यातलं काही गळत नाही. कमांड लाइनशी संबंध येत नाही, त्यामुळे ऑफिसातल्या कुणालाही शेजारी बसवून शिकवता येतं. ज्यांच्या हाताखाली क्लासिक (विंडोजवरचं जुन्या पद्धतीचं) आउटलुक आहे आणि ज्यांना शेवटी एकच पीएसटी कुणाला तरी द्यायची आहे, त्यांनी फार विचार न करता हाच रस्ता धरावा.

फक्त दोन ठिकाणी जपायला लागतं. विझार्डच्या शेवटच्या पानावर ‘कुठे इम्पोर्ट करायचं’ याची यादी असते, आणि तिथे नवी फाइल न निवडता चालू खातं तसंच राहिलं तर जुने मेल चालू मेलबॉक्समध्ये जाऊन पडतात. खातं आयमॅप किंवा एक्स्चेंजचं असेल तर ते सर्व्हरवर चढतात आणि मेलबॉक्सची जागा खातात. दुसरं म्हणजे आकार. आउटलुक २००२ आणि त्याआधीच्या पीएसटी जुन्या घडणीच्या असतात, त्यांची मर्यादा २ जीबी. २००३ आणि २००७ मध्ये नव्या घडणीच्या फाइलला २० जीबीची मर्यादा ठेवलेली होती, २०१० पासून ती ५० जीबी आहे. म्हणून जुनी फाइल नव्यात ओतायची, नवी जुन्यात नाही. आणि बेरीज ५० च्या जवळ जात असेल तर एकच फाइल करायचा हट्ट सोडलेला बरा.

काही जण विझार्ड टाळून दोन्ही फाइली आउटलुकमध्ये उघडतात आणि फोल्डर ओढून टाकतात. तसं केल्यावर त्याच नावाचं फोल्डर आधीच्यात मिसळत नाही, नावापुढे आकडा लागून नवीन तयार होतं. मग ‘इनबॉक्स१’, ‘इनबॉक्स२’ अशी रांग लागते आणि एकत्र करायचं काम जिथल्या तिथे राहतं.

माझं गाडं अडलं ते मात्र वेगळ्याच ठिकाणी, दुबार मेलपाशी. दर मार्चअखेर अख्खी फाइल कॉपी करायची पद्धत असली की प्रत्येक फाइलमध्ये आधीच्या सगळ्या वर्षांचे मेल पुन्हा असतात. विझार्ड याची दखल घेतो. दुबार आयटम बदलून टाकू, दुबार होऊ देऊ, की दुबार इम्पोर्टच करायला नकोत, असे तीन पर्याय तो देतो. तिसरा निवडला की काम संपलं असं वाटतं. पण ऑफिसातले मेल एका जागी बसून राहत नाहीत. एका वर्षीच्या फाइलमध्ये इनबॉक्समध्ये असलेला मेल पुढच्या वर्षीच्या फाइलमध्ये त्या अशिलाच्या फोल्डरमध्ये हलवलेला असतो, आणि काम संपल्यावर त्याच्या पुढच्या वर्षी ‘जुनी प्रकरणं’मध्ये गेलेला असतो. मी जे पाहिलं त्यावरून आउटलुकची दुबार तपासणी त्या-त्या फोल्डरपुरती चालते. तोच मेल तीन फोल्डरमध्ये असेल तर तिच्या लेखी ते तीन वेगळे मेल. आमची एकत्र झालेली फाइल मूळ फाइलींच्या बेरजेच्या जवळपास जाऊन बसली, आणि एखाद्या अशिलाचं नाव शोधलं की तेच पत्र तीन-तीनदा समोर यायचं. कर विभागाला उत्तर देताना शेवटचा मेल कोणता हे बघायचं असतं, तेव्हा हे फार जाचतं. कुठला टाकायचा आणि कुठला ठेवायचा हे बघायची सोय विझार्डमध्ये नाही. त्यानं जे ठरवलं ते ठरवलं.

थंडरबर्डकडे मी वळलो ते या एका गोष्टीसाठी. आलेल्या जवळपास प्रत्येक मेलच्या हेडरमध्ये, म्हणजे माथ्यावरच्या तांत्रिक माहितीत, मेसेज-आयडी ही त्या मेलची स्वतःची ओळखखूण असते. मेल कुठल्याही फोल्डरमध्ये हलवा, ती बदलत नाही. थंडरबर्डमध्ये दुबार मेल काढणारं ॲड-ऑन मिळतं. आपण निवडलेल्या सगळ्या फोल्डरांमध्ये ते एकदम शोधतं, जुळलेल्यांची यादी समोर ठेवतं, आणि प्रत्येक गटातला कोणता ठेवायचा ते आपल्याला विचारतं. इनबॉक्समधली प्रत टाकायची आणि अशिलाच्या फोल्डरमधली ठेवायची असं मी ठरवलं आणि यादीवरून हात फिरवत गेलो. टाकलेले मेल आधी कचऱ्यात जातात, म्हणजे मन बदललं तर परत आणता येतात. नंतर फोल्डर कॉम्पॅक्ट करायला मात्र विसरू नका, त्याशिवाय डिस्कवरची जागा मोकळी होत नाही.

तिथवर पोचायला थोडे कष्ट पडतात. रीडपीएसटी हा लिनक्सवरचा प्रोग्राम. विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) बसवून त्यात पीएसटी-युटिल्स हे पॅकेज घ्यायचं, आणि फोल्डरांची रचना टिकवणारा पर्याय देऊन एकेक पीएसटी त्यातून काढायची. हाती येतात त्या एमबॉक्स फाइली. एमबॉक्स म्हणजे एकामागून एक मेल लिहिलेली साधी टेक्स्ट फाइल. एकाच फोल्डरच्या दोन एमबॉक्स जोडायच्या तर एकीच्या शेवटी दुसरी चिकटवली की झालं, कॅट ही एक कमांड पुरते. पुढे इम्पोर्ट-एक्स्पोर्ट टूल्स एनजी हे ॲड-ऑन त्या थंडरबर्डमध्ये घेतं. कमांड लाइनची सवय नसेल तर पहिल्यांदा जड जाईल, पण तीच कमांड प्रत्येक फाइलला चालते, नाव तेवढं बदलायचं.

या रस्त्याचे दोन फायदे मला आधी ठाऊक नव्हते. सोडून गेलेल्या सहकाऱ्याच्या पीएसटीला पासवर्ड होता आणि तो कुणालाच आठवत नव्हता. पीएसटीचा पासवर्ड मजकूर कुलूपबंद करत नाही, तो विचारायचं काम आउटलुक करतं. रीडपीएसटी विचारत नाही. फाइल ऑफिसची आणि परवानगी साहेबांची, म्हणून आमचं काम झालं. दुसरा फायदा वकील आणि सीए मंडळींसाठी महत्त्वाचा आहे. आउटलुकमध्ये पीएसटी नुसती उघडली तरी आउटलुक तिच्यात लिहितं आणि फाइल बदलते. रीडपीएसटी फक्त वाचतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यावं लागतं त्यात हॅश, म्हणजे फाइलीच्या मजकुरावरून काढलेला आणि फाइल जराही बदलली की बदलणारा आकडा, नमूद करायचा असतो. मूळ पीएसटीचा हॅश काढून ठेवला असेल आणि नंतर ती आउटलुकमध्ये उघडली गेली, तर तो जुळायचा नाही. पुढे कधी कोर्टात जायची शक्यता असलेल्या फाइलीबाबत मी हे फार जपतो.

उण्या बाजूही आहेत. संपर्क आणि कॅलेंडर वेगळ्या फाइलींत बाहेर पडतात, ते हातानं आत घ्यावे लागतात. कॅटेगरी आणि झेंडे माझ्याकडे तरी आले नाहीत. आउटलुकच्या रिच टेक्स्टमध्ये लिहिलेल्या मेलचा मजकूर कधीकधी आरटीएफ जोडपत्र बनून येतो. पाठवलेल्या मेलमध्ये पूर्ण हेडर असतातच असं नाही, त्यामुळे ‘सेंट’ फोल्डरसाठी मेसेज-आयडीवर विसंबू नये. तिथे मी तारीख, विषय आणि कुणाला पाठवला या तिन्हींवर जुळवणी केली. आणि एमबॉक्समधून परत पीएसटीकडे यायची सोपी वाट नाही, हे सुरुवात करण्यापूर्वीच मनात पक्कं असू द्या.

मराठी मेलचा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे. युनिकोडमधला मजकूर दोन्हीकडे नीट शोधता येतो. श्रीलिपी किंवा तत्सम जुन्या फाँटमध्ये लिहिलेला मजकूर शोधात सापडत नाही, कारण आत साठवलेली अक्षरं देवनागरी नाहीतच. तसे मेल पाठवणाऱ्याच्या नावावरून आणि तारखेवरूनच शोधावे लागतात.

रस्ता कुठलाही धरा, एकत्र करण्याआधी आणि केल्यानंतर फोल्डरवार मेलची संख्या लिहून ताडून बघा. आउटलुकमध्ये फोल्डरच्या गुणधर्मांत एकूण संख्या दाखवायचा पर्याय आहे, थंडरबर्डमध्येही फोल्डरांच्या यादीत एकूण संख्या दाखवायचा पर्याय चालू करता येतो. दुबार काढायच्या आधी ही जुळणी झाली पाहिजे. एकदा मेल काढायला लागलात की कुठली घट दुबारची आणि कुठली गहाळ झालेल्याची हे सांगता येत नाही.

तुमच्या फाइली एकमेकींपासून वेगळ्या असतील, म्हणजे दोन खाती, दोन माणसं, फारशी सरमिसळ नाही, तर आउटलुकचं इम्पोर्ट पुरेसं आहे आणि एका बैठकीत उरकतं. त्याच खात्याच्या वर्षावर्षाच्या प्रती असतील तर मला तरी थंडरबर्डचे कष्ट परवडले. आमच्याकडे आता रोजचे मेल आणि कॅलेंडर आउटलुकमध्येच आहेत, जुना पत्रव्यवहार थंडरबर्डमध्ये आहे, आणि मूळ पीएसटी हॅशच्या यादीसकट वेगळ्या डिस्कवर, फक्त-वाचा करून ठेवल्या आहेत.