रीकंडिशन्ड स्टिअरिंग रॅक: माल चांगला, ओ-रिंगमध्ये कंजूषपणा

हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) पॉवर स्टिअरिंगच्या या रॅकसोबत, म्हणजे चाकं वळवणाऱ्या दातेरी दांड्याच्या जोडणीसोबत, आतले टाय रॉड (रॅक चाकांशी जोडणारे दांडे) आणि रबरी बूट (त्यावरची आवरणं) बसवूनच येतात, हे उत्तम. नुसत्या रॅकवर जुने सैल टाय रॉड चढवले की खडखड तशीच राहते. पाइपच्या ओ-रिंग (तेलगळती रोखणाऱ्या रबरी कड्या) मात्र वेगळ्या घ्याव्या लागतात. एवढ्याशा वस्तूत कसली बचत?

कॉलमचा (स्टिअरिंग व्हीलपासून रॅककडे येणाऱ्या दांड्याचा) जॉइंट सोडण्याआधी चाकं सरळ करून स्टिअरिंग व्हील बांधून ठेवा. ते मोकळं फिरलं तर एअरबॅगची क्लॉक स्प्रिंग (स्टिअरिंग व्हीलमागची गुंडाळलेली वायर) तुटू शकते. स्टिअरिंगचं जुनं तेल पूर्ण काढा, नाहीतर त्यातला धातूचा कीस नवे सील खातो. नव्या तेलातली हवा काढताना पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग व्हील दोन्ही टोकांपर्यंत सावकाश फिरवा, तेलाच्या टाकीतले बुडबुडे थांबेपर्यंत. टाय रॉड एंडचे (टाय रॉडच्या चाकाकडच्या सांध्यांचे) आटे मोजून बसवले तरी व्हील अलाइनमेंट करावीच लागते.