सिस्टसाठी स्कॅनिंग: पोटावरून की आतून?

अंडाशयात सिस्ट, म्हणजे पाण्याची गाठ, असल्याची शंका आली की डॉक्टर मॅडम चिठ्ठीवर स्कॅनिंग, म्हणजे सोनोग्राफी, लिहून देतात. ते पोटावरून किंवा योनीमार्गातून, म्हणजे आतून, अशा दोन तऱ्हांनी होतं, हे पुष्कळ जणींना सेंटरवर गेल्यावरच कळतं. निवड आपल्या हातात असेल, तर माझं मत सरळ आहे: आतून करून घ्या.

पोटावरून करायचं तर लघवी भरलेली लागते. भरलेली पिशवी आतडी बाजूला सारते आणि तिच्याआडून अंडाशय दिसतं. खानापूर-नंदगडहून बसनं बेळगावला येणाऱ्यांनी घरूनच तांब्याभर पाणी पिऊन निघू नये. सेंटरवर पोचून, नंबर कधी लागेल ते विचारून मग प्यावं. पोट सुटलेलं असेल किंवा गॅस असेल तर चित्र धूसर येतं.

आतून करताना उलट, लघवी करून यायचं. प्रोब, म्हणजे तपासणीची बारीक दांडी, योनीमार्गातून अंडाशयाच्या अगदी जवळ पोचतो, त्यामुळे सिस्टची भिंत पातळ की जाड, आत पडदे आहेत का, हे नीट दिसतं. पुढचं सगळं यावरच ठरतं. पातळ भिंत आणि आत नुसतं काळं दिसणारं पाणी असेल तर ती साधी सिस्ट. पाळी चालू असलेल्या बाईची 5 सेंटीमीटरपर्यंतची अशी गाठ बहुधा आपोआप जिरते. आत एकसारखं करडं, धुरकट दिसलं तर चॉकलेट सिस्टचा, म्हणजे जुनं रक्त साठलेल्या गाठीचा, संशय. घट्ट भाग आणि त्यात रक्तप्रवाह दिसला, तर मात्र कॅन्सरच्या दृष्टीनं तपास करावा लागतो. तपासणीत अवघडल्यासारखं होतं, फारसं दुखत नाही. लेडी डॉक्टर हवी असल्यास आधीच सांगा, त्यात संकोच कसला!

पण या प्रोबला लांबचं दिसत नाही. बेंबीपर्यंत आलेली गाठ पोटावरूनच मापावी लागते. शरीरसंबंध न आलेल्या मुलींचंही पोटावरूनच करतात. थेट सीटी स्कॅन काढण्याचा सल्ला शेजारीपाजारी देतील. साध्या सिस्टसाठी तो खर्च वाया. सोनोग्राफीत उलगडा झाला नाही, तर एमआरआय उपयोगी पडतो.

शक्यतो पाळी संपल्या-संपल्या जा. नंतरच्या पंधरवड्यात अंडं सुटल्यावर उरलेली पिशवीही सिस्टसारखी दिसते आणि घरभर उगाच घोर लागतो. पुन्हा बघायला साधारण 6 ते 12 आठवड्यांनी बोलावतात. निपाणीकर एकदा गावात, एकदा कोल्हापुरात करतात. तेव्हा जुना रिपोर्ट आणि फिल्म सोबत असू द्या.

एका बाजूला अचानक असह्य कळ आणि उलट्या सुरू झाल्या, तर अंडाशयाला पीळ पडलेला असू शकतो. तेव्हा पाळीची तारीख बघत बसू नका, सरळ कॅज्युअल्टी गाठा.